तस्त आणि दही

१

आमच्या अण्णांचं चांदीचं तस्त चोरीला गेलं त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला मनातून बरं वाटलं, आणि तपास अवघड झाला तो त्यामुळेच.

तस्त म्हणजे पानाची पिंक टाकायचं भांडं. अण्णा शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा कचेरीतल्या मंडळींनी वर्गणी काढून ते त्यांना दिलं होतं. नारळाएवढं, पोट सुटलेलं, काठावर वेलबुट्टी. पाथर्डीत दुसऱ्या कुणाकडे चांदीत थुंकायची सोय नव्हती. अण्णा हे कधी बोलून दाखवत नसत. पाहुणा आला की तस्त फक्त किंचित पुढे सरकवत. ते रोज घासायचं काम छबूबाईकडे होतं, आणि छबूबाई आली नाही की आईकडे. मी त्याला अडखळून पडलो होतो, तेही भरलेलं असताना. माझी बायको विजया बैठकीच्या खोलीतून जाताना श्वास धरून जात असे.

साल १९४४, महिना मार्गशीर्ष. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, नगरची मोटार कोळशाच्या गॅसवर खोकत खोकत यायची. अशा दिवसांत एका सकाळी अण्णांनी तोंडात पान भरलं, सवयीने मान डावीकडे वळवली, आणि तिथे काहीच नव्हतं. त्यांना बोलताही येईना. हातवारे करत ते ओटीवर धावले, रस्त्यावर पिंक टाकली आणि मगच चोरी झाल्याचं जाहीर केलं.

पोलीस जमादार सूर्यभान आले. आदल्या संध्याकाळी अण्णांनी शेवटचं पान खाल्लं तेव्हा तस्त जागेवर होतं, आणि त्यानंतर वाड्याच्या दोन्ही दारांना आतून अडसर होते. म्हणजे वस्तू घरातच असणार, असं जमादारांचं म्हणणं पडलं. त्यांनी ट्रंका उपसल्या, धान्याच्या कणग्यांत काठी खुपसली, विहिरीत एक पोहणारा उतरवला. त्याला दोन कळशा, एक पोहरा आणि माझा लहानपणी हरवलेला लंगडा लाकडी घोडा सापडला. तस्त नाही. स्वयंपाकघरात आईने त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं, कारण तिथलं सगळं सोवळ्यातलं. तिने स्वतः एकेका भांड्यावरचं झाकण उचलून दाखवलं. पीठ, डाळ, गाडग्यातलं दही. त्या अंधाऱ्या खोलीत जमादारांनी लांबूनच मान डोलावली.

मग ते अण्णांच्या कानाशी लागून म्हणाले, “ह्ये त्येला रोज हात लावनाऱ्याचंच काम हाय. छबूबाईला चावडीवर न्यावं लागंल.”

२

छबूबाई रडली नाही. तिने पदर खोचला, हातातली राख झटकली आणि म्हणाली, “मी न्हाई घेतलं. घ्यायचं आस्तं तर रोज धुवून जागेवर कशाला ठिवलं आस्तं? लई वरसं हाय मी हितं.”

जमादार पुढे झाले तशी आई दारात जाऊन बसली. नुसती उभी राहिली नाही. उंबऱ्यावर आडवी मांडी घालून बसली.

“तिला न्यायचं असेल तर मलाही न्या,” ती म्हणाली.

अण्णा थक्क झाले. मोलकरणीसाठी शिरस्तेदारीणबाई चावडीवर जाणार, ही कल्पना त्यांना पेलवेना. बरीच कुजबुज होऊन जमादारांनी रविवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. तोवर छबूबाईने गाव सोडायचं नाही. तिने त्यावर आणखी एक अट स्वतःच घातली: डाग धुतला जाईपर्यंत या घरचं पाणी पिणार नाही. कामाला ती रोज आली, पण स्वतःचा तांब्या घेऊन.

विजयाला हे सहन होईना. ती पुण्याहून रसायन घेऊन बी.एस्सी. होऊन आली होती. लग्न झाल्यापासून त्या पदवीचा उपयोग एवढाच झाला होता की अण्णा पाहुण्यांना ती सांगत. प्रत्यक्षात सुनेने सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. विजयाने मला माजघरात बोलावून सांगितलं की चोर ती शोधणार आहे, आणि लोकांशी बोलताना मी बरोबर हवा. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, मला यातलं काही कळत नाही, असं मी म्हणालो. म्हणूनच हवात, ती म्हणाली. तुमच्यासमोर कुणी सावध होत नाही.

आधी छबूबाई. ती परसातल्या मोरीशी भांडी घासत होती. तस्ताबद्दल तिला नवीन काही माहीत नव्हतं, पण मोरीबद्दल तक्रार होती. मोरीचा चुन्याचा काठ कालपासून निळा-हिरवा पडला होता आणि घासून जात नव्हता. “मोरचूद वतल्यागत,” ती म्हणाली. आणि आदल्या दिवशी दुपारी तिने गहिनीनाथाच्या खिडकीतून तांबूस धूर येताना पाहिला होता. तिला वाटलं, धूप असेल. पण वास नाकात झोंबणारा होता.

आदल्या दुपारी तर तस्त अजून जागेवर होतं, मी विजयाला म्हणालो. ती निळ्या काठाकडे पाहत राहिली.

गहिनीनाथ म्हणजे आमचा भाडेकरू. रस्त्याकडच्या खोलीत त्याचा फोटो स्टुडिओ होता, म्हणजे एक कॅमेरा, एक रंगवलेला पडदा आणि लाल काचेच्या झरोक्याची एक अंधारी कोठडी. आम्ही गेलो तेव्हा तो काचेच्या प्लेटा पुसत बसला होता. धंदा बंदच हाय, त्याने सांगितलं; दसऱ्यापासून फोटोचा कागद आला न्हाई, विलायतेहून येणारं समदं आटलं. काल तांबूस धूर कसला, असं विचारल्यावर तो जरा गडबडला. ढेकणांसाठी गंधक जाळलं, म्हणाला. विजयाने मान डोलावली आणि त्या प्लेटा कुणाच्या, म्हणून विचारलं.

“लढाईवर गेलेल्या पोरांच्या हाईत. जाताना काढून घेत्यात. आता आया येत्यात, काच उजेडाला धरून बघत्यात आन् जात्यात. काचंत त्वांड काळं दिसतं, क्यास पांढरं. वळखू बी येत न्हाई.”

बाहेर आल्यावर विजया मला म्हणाली, “गंधकाचा धूर तांबूस नसतो. आणि त्याची बोटं पाहिलीत? कागद दसऱ्यापासून नाही, तर फोटोच्या रसायनाने बोटं आजची काळी कशी?”

३

आता घरातलीच माणसं उरली.

अण्णांची उलटतपासणी मला घ्यावी लागली. विजया दाराआडून प्रश्न सांगायची, मी विचारायचो. त्यातून निष्पन्न एवढंच झालं की अण्णांचा माझ्यावर संशय आहे, कारण घोडा विहिरीत टाकणारा मुलगा काहीही टाकू शकतो. तरी एक गोष्ट कळली. आदल्या संध्याकाळी त्यांनी तस्त वापरलं म्हणजे पाहिलं असं नव्हे. त्यांनी मान वळवून पिंक टाकली होती, आणि तस्ताच्या जागी त्या वेळी कुणी दुसरं काही ठेवलं असलं तरी त्यांना कळलं नसतं. दिवा रॉकेलअभावी लावलेलाच नव्हता.

“पिंक पडल्याचा आवाज कसा होता, विचारा,” दाराआडून आलं.

अण्णांनी आठवून पाहिलं. जरा बद्द होता खरा, म्हणाले.

म्हणजे तस्त आदल्या दुपारीच गेलं होतं आणि संध्याकाळपुरतं तिथे मडकं होतं. सकाळी ते मडकंही नव्हतं. दारांना लावलेल्या अडसरांचा आता काही उपयोग उरला नाही, आणि अंधारात अण्णांच्या शेजारी मडकं ठेवू शकेल असं माणूस घरात एकच होतं.

आईला विचारायला माझं धाडस होईना. जेवताना तिच्याकडे नीट पाहिलं तेव्हा उजव्या अंगठ्यावर काळा डाग दिसला. बिब्बा उतला, ती म्हणाली. अण्णांनी दही मागितलं. थंडीत विरजण लागत नाही, असं सांगून तिने शेजारून आणलेलं ताक वाढलं. भाजीत मीठ कमी होतं. मीठ संपलंय, म्हणाली. लोणची घालायचे दिवस नसताना आमच्या घरातलं मीठ संपलेलं मी प्रथमच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर विजया अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. शेजारी उन्हात एक बशी होती, तिच्यात चमचाभर दही. आई देवळात गेली तेव्हा तिने ते फडताळातल्या गाडग्यातून काढलं होतं. ज्यात विरजण लागलंच नव्हतं म्हणे, ते गाडगं पांढऱ्या गुठळ्यांनी भरलेलं होतं.

एक कावळा आला, त्याने बशीत चोच घातली, काढली आणि कठड्यावर दोन्ही बाजूंनी पुसली. पुन्हा तो त्या बाजूला फिरकला नाही.

“बघत राहा,” विजया म्हणाली.

मी बघत राहिलो. पांढऱ्या गुठळ्यांवर आधी फिकट जांभळी छटा आली. मग त्या पिकल्या जांभळासारख्या झाल्या. मग पाटीच्या रंगाच्या. सावलीतली बाजू मात्र पांढरीच होती. नासलेलं दही मी पुष्कळ पाहिलंय. ते पिवळं पडतं, हिरवं होतं, त्यावर बुरा येतो. उन्हाने जांभळं झालेलं दही मी पाहिलं नव्हतं.

“काय आहे हे?” मी विचारलं.

“अण्णांचं तस्त,” ती म्हणाली.

४

तिने मला ते शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. चांदी तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये टाकली की तांबूस धूर सोडत विरघळते. भांडं जातं, पाणी राहतं. त्या पाण्यात मीठ टाकलं की चांदी मिठातल्या क्लोरिनला धरून खाली बसते, दह्यासारखी पांढरी आणि गुठळ्यागुठळ्यांची. त्याला सिल्व्हर क्लोराइड म्हणतात. पाण्यात ते विरघळत नाही, कितीही धुवा. पण उजेड त्याला सोसत नाही. ऊन लागलं की त्यातली चांदी सुटी होऊन काळी पडते. म्हणून ते अंधारात ठेवावं लागतं, आणि आमच्या घरात स्वयंपाकघराइतका अंधार आणि सोवळ्याइतका पहारा दुसरीकडे कुठे नव्हता.

“आणि निळी मोरी?”

“नुसत्या चांदीचं पाणी निळं होत नाही,” ती म्हणाली. “ते तांब्याचं पाणी आहे. तस्तात निम्मंशिम्मं तांबं होतं. मीठ टाकल्यावर चांदी खाली बसली, तांबं वर पाण्यात राहिलं, ते कुणीतरी मोरीत ओतलं.”

कचेरीच्या मंडळींनी कोणत्या सोनाराकडून ते करून घेतलं होतं कोण जाणे. अण्णा इतकी वर्षं अर्ध्या तांब्यात थुंकत होते. मला हसू आवरेना. विजया मात्र हसली नाही. ती उठून आत गेली.

आई देवळातून येऊन वाती वळत होती. विजयाने तिच्यासमोर ती बशी ठेवली आणि एवढंच म्हणाली की आई, आपल्याकडे सध्या बिब्बे नाहीत.

आईने बशीकडे पाहिलं. वात अर्धवट वळलेली तशीच हातात राहिली.

“ते भांडं मी वर्षानुवर्षं धुतलंय,” ती म्हणाली. “थोडं माझंही झालं असेल.”

मग तिने सगळं सांगितलं. माझा धाकटा भाऊ शामकांत दोन वर्षांपूर्वी अण्णांशी भांडून फौजेत कारकून म्हणून गेला होता. अण्णा म्हणाले, इंग्रजाची वर्दी घालणारा माझा मुलगा नव्हे. त्या दिवसापासून त्याचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. तो आता ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठेतरी होता आणि पावसाळ्यापासून त्याचं पत्र नव्हतं. भरती झाल्यावर, गाव सोडण्याआधी त्याने गहिनीनाथाकडे फोटो काढून घेतला होता. तेव्हा अण्णांच्या धाकाने तो कुणी छापून घेतला नाही; आता काच होती, कागद नव्हता. आई रोज मंदिरात जाते म्हणून निघायची आणि ती काच उजेडाला धरून यायची. एकदा तिने गहिनीनाथाला विचारलं की कागदावर असं असतं तरी काय. तो म्हणाला, चांदी.

“मग मी त्याला चांदी दिली,” आई म्हणाली.

गहिनीनाथाने शेजारची पिठाची गिरणी चालू असताना तस्ताचे कातरून तुकडे केले, तेजाबात टाकले, आणि पाणी निळं झालेलं पाहून घाबरला. त्या निळ्या पाण्याने साध्या कागदावर नुसते हिरवे ओघळ आले. कोणा सोनाराकडून त्याने मिठाची युक्ती ऐकली होती, तेवढी केली. पण त्या दह्याची पुन्हा कागदाला लावता येईल अशी चांदी कशी करायची, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. भट्टीत गाळायला सोनाराकडे दही न्यावं, तर तो चौकशी करणार. अण्णा तस्त हरवलं म्हणून दोन दिवस ओरडतील आणि गप्प बसतील, अशी आईची अटकळ होती. छबूबाईवर आळ येईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मी आत्ता जाऊन यांना सांगते,” ती उठत म्हणाली.

विजयाने तिला हात धरून खाली बसवलं. “रविवारपर्यंत मुदत आहे,” ती म्हणाली. “आधी फोटो होऊ दे. यांच्या विजेरीतला सेल लागेल.”

५

माझ्या विजेरीतला तो शेवटचा सेल होता आणि लढाईच्या दिवसांत तसला दुसरा मिळणं अशक्य होतं. विजयाने तो फोडला. आतलं काळं फेकून दिलं आणि बाहेरचं जस्ताचं कवच कातरून घेतलं.

मला त्या कामात घेतलं नाही. माझ्याकडे अण्णांना गुंतवून ठेवण्याचं काम होतं. मी त्यांना त्यांच्या नोकरीतल्या एका बांधाच्या तंट्याबद्दल विचारलं. त्यात तीन भाऊ, एक बाभूळ आणि एक सरकलेला दगड होता. दगड किती सरकला हे अण्णांनी मला बैठकीवर पानाचा डबा सरकवून दाखवलं. मी अधूनमधून “मग?” म्हणत होतो आणि गहिनीनाथाच्या खोलीकडे कान लावून होतो.

तिकडे काय झालं ते मागाहून कळलं. दही अनेक पाण्यांनी धुऊन त्यात पातळ ॲसिड आणि जस्ताचे तुकडे टाकल्यावर बुडबुडे आले, आणि पांढऱ्या गुठळ्यांची हळूहळू राखाडी भुकटी झाली. ती शुद्ध चांदी. तांब्याचा पत्ता नाही. ती पुन्हा तेजाबात विरघळवून आटवली तेव्हा तळाशी मिठासारखे पांढरे खडे राहिले, सिल्व्हर नायट्रेटचे. आमच्या ड्रॉइंग मास्तरांकडून मी जाड कागद मागून आणला होता. त्याला तिने मीठ घातलेल्या तांदळाच्या पेजेचा हात दिला, वाळवला, आणि मग अंधाऱ्या कोठडीत त्यावरून चांदीचं पाणी फिरवलं.

“म्हणजे पुन्हा दहीच झालं,” तिने मला समजावलं. “फक्त आता ते कागदातच विरजलंय.”

शनिवारी संध्याकाळी तिच्याही बोटांवर काळे डाग होते. जमादारांना निरोप गेला: उद्या दुपारी यावं, तस्त भर उन्हात दाखवलं जाईल.

६

रविवारी अंगणात सगळे जमले. अण्णा खुर्चीवर, जमादार त्यांच्या बाजूला, छबूबाई स्वतःचा तांब्या घेऊन पायरीवर. आई खांबाशी उभी होती. गहिनीनाथाने कोठडीतून लाकडी फ्रेम आणून उन्हात ठेवली. तिच्यात वर शामकांतची काच होती आणि काचेखाली कागद; काचेतून जिथे ऊन उतरेल तिथे तो काळा पडणार होता.

विजया माजघराच्या दारात उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून बोलू लागली. तस्त चोरीला गेलेलं नाही, ते घराबाहेर गेलेलंच नाही, असं तिने सांगितलं. मी अण्णांना सांगितलं. ते तेजाबात विरघळलं, हेही मी सांगितलं. मोरी, मीठ, दही, कावळा, मी प्रत्येक गोष्ट पोस्टमनसारखी चार हात पलीकडे पोचवत होतो. तांब्याच्या मुद्द्यापाशी माझी जीभ अडखळली.

“तू गप्प बस,” अण्णा मला म्हणाले. “ती काय म्हणते ते मला ऐकू दे.”

मग विजया सरळ त्यांच्याशीच बोलली. तांबं निम्म्याला थोडं कमी असावं, असं तिने सांगितलं. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. छबूबाई हळूच म्हणाली की तरीच त्ये घासून बी लगेच काळपटायचं.

“पण तस्त कुठं हाय?” जमादारांनी विचारलं.

गहिनीनाथाने फ्रेम उचलून ओसरीच्या सावलीत आणली, मागची अर्धी फळी उघडली आणि कागद अर्धा उलटवून अण्णांपुढे धरला.

जांभळट तपकिरी रंगात शामकांत होता. फौजी टोपी जराशी तिरकी, दोन्ही कान बाहेर आलेले, आणि हसू येऊ नये म्हणून आवळलेले ओठ. तो असाच दिसायचा, खोडी काढून आल्यावर.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आईकडे पाहिलं. तिच्या अंगठ्यावरचा डाग त्यांनी तेव्हा बहुधा पहिल्यांदा पाहिला. ती त्यांच्या नजरेला नजर देऊन उभी होती. माफी मागायचा तिचा विचार दिसत नव्हता.

जमादार घसा खाकरून म्हणाले की आता आरोपी म्हणून कुणाचं नाव लावायचं.

“कुणाचं नाही,” अण्णा म्हणाले. “तस्त माझं होतं. ते मी हिला दिलं होतं. माझ्या लक्षात राहिलं नाही.” मग ते छबूबाईकडे वळले. त्यांना असं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते कचेरीतल्यासारखं बाहेर पडलं. “छबूबाई, तुमच्यावर घेतलेला संशय चुकीचा होता. तो मी सर्वांसमक्ष मागे घेतो.”

छबूबाईने थोडा विचार केला. “मंग आता धुवायचं न्हाई ना कायी?” तिने विचारलं, आणि नाही म्हटल्यावर रांजणाशी जाऊन आमच्या घरचं गार पाणी घटाघटा प्यायली.

अण्णांनी फ्रेम गहिनीनाथाकडून स्वतःच्या हातात घेतली होती. नीट दिसावं म्हणून ते ती उजेडाकडे तिरकी करू लागले.

“अण्णासाहेब, तसं धरू नगा,” गहिनीनाथ घाईने म्हणाला. “आजून पक्का करायच्या औशिदात घातला न्हाई. ऊन लागलं तर शामकांत दादा समदाच काळा हुईल.”

अण्णांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग फ्रेम छातीशी धरली, अंगावरचं उपरणं ओढून तिच्यावर टाकलं, आणि ते धावत सुटले. अण्णांना धावताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा तोंडात पान होतं. अनवाणी, धोतर एका हाताने सावरत, जमादारांना कोपराने बाजूला सारत ते अंगण ओलांडून गहिनीनाथाच्या कोठडीत शिरले आणि उजेड येऊ नये म्हणून आतून कडी लावून घेतली. गहिनीनाथ बाहेरच राहिला.

“औषध कुठलं?” आतून आवाज आला.

“डावीकडची परात, अण्णा,” विजयाने दाराला तोंड लावून सांगितलं. “कागद पूर्ण बुडू द्या. आणि हलवत राहा.”

आत पाणी हलल्याचा आवाज येत राहिला. आम्ही सगळे त्या बंद दाराशी उभे होतो. जमादारांनी टोपी काढून काखेत धरली होती.

“आहे,” अण्णा आतून म्हणाले. “स्वच्छ आहे. काळा पडला नाही.”

आता दार उघडलं तरी चालेल, असं विजयाने त्यांना सांगितलं. कडी काही निघाली नाही. आई दाराशी टेकून खाली बसली, आणि मग आमच्यापैकी कुणीही दार वाजवलं नाही.